जोडणी तुटली, रेडिओ जागाच

जुना लॅपटॉप वाय-फायपासून तोडणे हे काम किरकोळ वाटते. पडद्याच्या कोपऱ्यातील खुणेवर टिचकी मारायची, नेटवर्कचे नाव निवडायचे आणि ‘डिस्कनेक्ट’ हे बटण दाबायचे. खूण बदलते आणि काम झाले असे आपण समजतो. या लेखात आम्ही या बटणाचीच समीक्षा करणार आहोत. पुस्तकांची आणि नाटकांची समीक्षा आपल्याकडे नियमाने होते. रोज हाताळल्या जाणाऱ्या उपकरणांच्या रचनेची फारशी होत नाही. शिक्षकांच्या दृष्टीने तीही तितकीच गरजेची आहे. आमचा आक्षेप थोडक्यात असा, की हे बटण एक लहान काम करते आणि त्याहून बरेच मोठे काम झाल्याचा समज करून देते.

आधी, जुना लॅपटॉप तोडायचा तरी कशासाठी, हे पाहू. अनेक शाळांत देणगीतून आलेले किंवा दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले लॅपटॉप असतात. त्यांवर बऱ्याचदा विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असते. एक्सपीसाठी सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या देणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. विंडोज ७ चे नियमित साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यानंतर सापडणाऱ्या उणिवा सहसा तशाच राहतात. याचा अर्थ काय होऊ शकतो, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम विंडोजमधील फाइली वाटून घेण्याच्या सोयीतील एका उणिवेतून एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. त्यासाठी कोणी काही उघडण्याची गरज नव्हती. दुरुस्ती न बसवलेला संगणक नेटवर्कवर सापडला, एवढे त्याला पुरेसे होते.

म्हणून जुना लॅपटॉप टाकून द्यावा असे नाही. टंकलेखन, भूमितीच्या आकृत्या, चित्रफिती, प्रयोगांतील मोजमापांचे तक्ते ही कामे तो नेटवर्कविना उत्तम करतो. पण त्यात मुलांचे गुण, पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक साठवलेले असतील, तर ‘तो तोडलेला आहे’ हे विधान खरे असलेच पाहिजे. ते खरे आहे की नाही हे ठरवण्यासाठी वाय-फायचे काम कसे चालते ते थोडे समजून घ्यावे लागेल.

वाय-फाय म्हणजे दुहेरी रेडिओ. त्याचे पहिले प्रमाण, क्रमांक ८०२.११, १९९७ साली ठरले. जुने लॅपटॉप बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. राउटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपल्या नावाची दवंडी पिटत असतो. लॅपटॉप ती ऐकतो, किंवा स्वतःच ‘कोणी आहे का?’ असा पुकारा करतो. मग ओळख पटते, राउटरकडे नोंद होते आणि देवाणघेवाण सुरू होते.

‘डिस्कनेक्ट’ दाबल्यावर लॅपटॉप ‘मी जातो’ अशा अर्थाचा एक छोटा संदेश पाठवतो आणि राउटर त्याची नोंद रद्द करतो. बटणाचे काम येथे संपते. हजेरीपटावरून मुलाचे नाव कमी केले, पण मूल वर्गाच्या दाराशीच उभे आहे, अशी ही स्थिती आहे. लॅपटॉपमधील रेडिओ चालूच राहतो. आसपासच्या दवंड्या तो ऐकत असतो आणि अधूनमधून पुकाराही करतो. नेटवर्कचे नाव आणि परवलीचा शब्द त्याच्या स्मरणात असतातच. ‘आपोआप जोडणी’ चालू राहिली असेल, तर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तो कोणालाही न विचारता जोडला जाऊ शकतो.

पुकाऱ्याची बाब अधिक गंभीर आहे. एक्सपीच्या काळातील यंत्रणा पूर्वी जोडलेल्या नेटवर्कांची नावे घेऊन हाक मारत असत. एखाद्याने मुद्दाम बसवलेले खोटे केंद्र अशा हाकेला ‘हो, तो मीच’ असे उत्तर देऊ शकते, हे संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. स्मरणातील नेटवर्क परवलीच्या शब्दाविना चालणारे असेल, उदाहरणार्थ रेल्वे स्थानकावरील किंवा उपाहारगृहातील, तर लॅपटॉप त्या खोट्या केंद्राला मुकाट्याने जाऊन मिळतो. नंतरच्या यंत्रणांनी नावे पुकारण्याची ही सवय बरीच कमी केली. पण जुना लॅपटॉप आपल्या जुन्या सवयींसह आलेला असतो.

तेव्हा ‘तोडणे’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या क्रिया येतात. पहिली, चालू जोडणी सोडणे. दुसरी, ते नेटवर्क विसरणे, म्हणजे त्याचे नाव व परवलीचा शब्द स्मरणातून काढणे. तिसरी, रेडिओच गप्प करणे. आणि चौथी, रेडिओचे कार्ड लॅपटॉपमधून काढून टाकणे. ‘डिस्कनेक्ट’ यांतील फक्त पहिली क्रिया करते. ती किती काळ टिकेल, हे बटणावर लिहिलेले नसते. पडद्यावरची खूण ‘जोडणी नाही’ असे सांगते, ते खरेच असते. पण पाहणारा तिचा अर्थ ‘रेडिओ बंद’ असा घेतो, आणि त्याला सावध करणारे तेथे काही नसते. हा दोष वापरणाऱ्याच्या अज्ञानाचा नसून रचनेचा आहे, असे आमचे मत आहे.

तुलनेसाठी याच जुन्या लॅपटॉपांवरील दुसरी एक सोय पाहा. २००३ नंतर लॅपटॉपमध्ये वाय-फाय अंगभूत येऊ लागले, आणि त्या दशकातील अनेक लॅपटॉपांच्या कडेला एक लहान सरकता खटका असे. मिनी पीसीआय एक्सप्रेस या प्रकारच्या कार्डाला ५२ टोके असतात. त्यांपैकी विसावे टोक केवळ रेडिओ बंद करण्यासाठी राखून ठेवलेले आहे. खटका सरकवला की या टोकावरील विद्युतदाब खाली येतो आणि कार्ड आपला रेडिओ थांबवते. लिनक्स यंत्रणेत या दोन प्रकारांना वेगळी नावेच आहेत: प्रोग्रॅमने घातलेली बंदी ती ‘सॉफ्ट’, आणि खटक्याने घातलेली ती ‘हार्ड’. हार्ड बंदी प्रोग्रॅमला उठवता येत नाही. माणसानेच खटका पुन्हा सरकवावा लागतो. रचना म्हणून आम्हाला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. खटक्याची जागा बोटाने चाचपून कळते आणि लॅपटॉप बंद असतानाही ती पाहता येते.

मात्र खटक्याचे कौतुक डोळे मिटून करता येणार नाही. तो पिशवीत घासून आपोआप सरके आणि ‘इंटरनेट बिघडले’ अशी तक्रार सुरू होई. काही लॅपटॉपांवर वाय-फाय बंद असतानाही दिवा जळत राहतो, फक्त निळ्याचा नारिंगी होतो. जळणारा दिवा म्हणजे ‘बंद’ हे कोणी सांगितल्याशिवाय कसे कळावे? काही लॅपटॉपांवर खटक्यासारखी दिसणारी कळ प्रत्यक्षात प्रोग्रॅमला केवळ विनंती करते. शिवाय दुरुस्तीची एक युक्ती प्रसिद्ध आहे. खटका बिघडून वाय-फाय कायमचे बंद झाले, की विसाव्या टोकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावतात. मग खटका कोणत्याही बाजूला असो, रेडिओ चालूच राहतो. हाताहातांतून फिरून आलेल्या लॅपटॉपमध्ये अशी पट्टी असू शकते.

पुढे बहुतेक लॅपटॉपांवरून खटका गेला आणि त्याजागी विमानाचे चित्र असलेली कळ आली. ही कळ दाबून झाल्यावरही वाय-फाय तेवढे पुन्हा चालू करता येते. म्हणून विमानाची खूण दिसते एवढ्यावरून रेडिओ गप्प आहे असे म्हणता येत नाही. या प्रवासाचे ठळक उदाहरण मोबाइलचे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ या आवृत्तीत, आयफोनच्या झटपट पटलावरील वाय-फायचे बटण दाबले तर जोडणी सुटे, पण रेडिओ चालू राही. आणि पहाटे पाच वाजता आपोआप जोडणी पुन्हा खुली होई. घड्याळ किंवा इतर उपकरणांशी चाललेला संवाद तुटू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. टीका झाली ती बटणाचे रूप पूर्वीचेच ठेवून अर्थ बदलल्याबद्दल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या सुधारित आवृत्तीत ‘उद्यापर्यंत’ असा खुलासा पडद्यावर दिसू लागला. दोन शब्दांची ही भर पाहता, प्रामाणिक बटण बनवणे फारसे महाग नसते असे म्हणायला हरकत नाही.

शाळेत हे पडताळून पाहणे सोपे आहे. मोबाइलवर हॉटस्पॉट सुरू करून त्याला एखादे वेगळे नाव द्या. जुन्या लॅपटॉपला बहुधा ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी ऐकू येत नाहीत, म्हणून हॉटस्पॉट २.४ वर ठेवा आणि लॅपटॉपच्या यादीत ते नाव येते याची प्रथम खात्री करून घ्या. आता लॅपटॉपवर ‘डिस्कनेक्ट’ दाबा, हॉटस्पॉटचे नाव बदला आणि दोन-तीन मिनिटे थांबून यादी पुन्हा उघडा. नवे नाव दिसले, तर रेडिओ ऐकतो आहे हे सिद्ध झाले. मग खटका सरकवून, पुन्हा एकदा नवे नाव देऊन, हीच कृती करा. यादी रिकामी आली तर खटका आपले काम करतो आहे. शेवटी लॅपटॉप बंद करून चालू करा आणि तो स्वतःहून जोडला जातो का ते पाहा. विद्यार्थ्यांना एक मर्यादाही सांगावी: या प्रयोगाने ऐकणे सिद्ध होते, बोलणे नव्हे. रेडिओ पुकारा करतो का हे पाहायला वेगळे साधन लागते.

ज्यांना जुना लॅपटॉप खरोखर वेगळा ठेवायचा आहे, त्यांनी ‘डिस्कनेक्ट’वर थांबू नये. आपोआप जोडणीची खूण काढावी, स्मरणातील सर्व नेटवर्के पुसावीत, खटका असल्यास बंद करावा आणि वरील प्रयोग करून पाहावा. कार्ड सुटे होत असेल तर जाणकाराकडून काढून घेणे सर्वांत निःशंक. राउटरचा परवलीचा शब्द बदलणे हाही चांगला उपाय आहे, कारण मग लॅपटॉपच्या स्मरणात काहीही राहिले तरी शाळेच्या नेटवर्कचे दार त्याला उघडत नाही. आणि पेनड्राइव्हची वाट उरतेच. वाय-फाय बंद केल्याने ती बंद होत नाही.

चांगल्या बटणाने तीन गोष्टी सांगाव्यात: आपण काय बंद करतो, किती काळासाठी, आणि आता खरी स्थिती काय आहे. नव्या उपकरणांच्या खरेदीच्या वेळी शाळांनी विक्रेत्याला हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. आपण विज्ञानाच्या तासाला मुलांनी दिलेल्या उत्तरावर ‘कशावरून?’ असे विचारतो. पडद्यावरच्या खुणेलाही तोच प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली, तर हा जुना लॅपटॉप शाळेला आणखी काही वर्षे उपयोगी पडेल.