उजवीकडून डावीकडे, मार्गे खापरखेडा

खापरखेड्यात दिशा चुकण्याची सोय नाही. औष्णिक केंद्राच्या चिमण्या एवढ्या उंच, की माणूस कुठल्याही गल्लीत शिरो, मान वर केली की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. अशा गावात उभी नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर वीतभर पडद्यावर डावं कुठलं नि उजवं कुठलं असा प्रश्न पडावा, ही विज्ञानाची प्रगतीच म्हटली पाहिजे.

माझ्याबरोबर एकाच पाळीत राबलेला एक स्नेही हल्ली ठाण्यात असतो. बेने इस्रायली. आडनाव कोकणातल्या गावाला ‘कर’ लावून झालेलं, आणि मराठी माझ्याहून शुद्ध. त्याची आई गेली. वर्षदिनाला घरातल्यांना वाटायला त्याला एक छोटी पुस्तिका हवी होती. आई म्हणायची त्या हिब्रू प्रार्थना आणि त्यांचा मराठी अर्थ. नातवंडांपैकी इस्रायलमधली हिब्रू वाचतात, त्यांना मराठी येत नाही. इथल्यांचं नेमकं उलट. “अरे, तुला टायपिंगची हौस आहे, तेवढं बघ,” एवढंच तो म्हणाला.

मराठी डावीकडून उजवीकडे जाते, हिब्रू उजवीकडून डावीकडे येते. एका ओळीत दोघींना बसवणं म्हणजे अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या. ज्या सॉफ्टवेअरवर मी हा उद्योग केला त्याचं नाव सांगत नाही. उगाच जाहिरात होईल. पण नाटकाचं, सिनेमाचं परीक्षण लिहितात, मग याचं का लिहू नये?

समजा, ओळीत आधी ‘आईने’ हा मराठी शब्द आहे, मग हिब्रू लिपीतलं ‘शालोम’, मग ‘म्हटलं’. हिब्रूत शालोमची अक्षरं चार. शीन उजव्या टोकाला, शेवटचं मेम डाव्या टोकाला. आता माऊस धरून ‘आईने’पासून उजवीकडे ओढत चला. शालोमच्या डाव्या कडेला टेकता न टेकता तोच अख्खा शब्द निळा होतो. वा! म्हणून आणखी पुढे सरकावं, तर निळा रंग मागे हटू लागतो. जिथून माऊस गेला ती अक्षरं पांढरी, जिथे तो अजून पोचलेलाच नाही ती निळी. उजव्या टोकाला जावं तर हिब्रूतलं काहीच हाती नाही. आणि ‘म्हटलं’वर पाऊल ठेवलं की पुन्हा सगळं निळं! उधारी वसूल करायला निघालेल्या माणसाचाच अनुभव हा, फक्त रंगीत.

बाजारातल्या डीटीपीवाल्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, “काका, हे काहून असं करून राह्यलं?” कामठी इथून जवळ, त्यामुळे लग्नपत्रिकांतली उर्दू नावं त्याच्याकडे येतात. ती तो चित्र म्हणून चिकटवतो. चित्राला दिशा नसते. पण त्यातला एक नुक्ता बदलायचा तर सगळं चित्र नव्याने करावं लागतं.

आता न्यायाची गोष्ट. यंत्र अक्षरं साठवतं ती आपण उच्चारतो त्या क्रमाने. आधी शीन, शेवटी मेम. पडद्यावर मांडताना तेवढी हिब्रू उलट्या बाजूने लावतं. हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि निवड दोन तुकड्यांत फाटते तीही प्रामाणिकपणाच आहे, कारण उच्चारात सलग असलेलं डोळ्यांना सलग नसतं. माझा राग आहे तो कर्सरवर. मराठी संपून हिब्रू सुरू होते त्या सांध्यावर तो निर्विकार उभा राहतो. तो शीनच्या आधी आहे की मेमच्या नंतर, काही कळू देत नाही. खोडायची कळ दाबली की कधी मोकळी जागा जाते, कधी मेम. काही सॉफ्टवेअर अशा जागी दोन अर्धे कर्सर दाखवतात. म्हणजे सोय करता येते, करायची नसते.

आकड्यांची गंमत तर ऐकाच. हिब्रू शब्दापुढे इंग्रजी आकड्यात स्तोत्राचा क्रमांक टाकला, की तो उडी मारून शब्दाच्या डावीकडे जाऊन बसतो. देवनागरी आकडा टाका, जागचा हलत नाही! युनिकोडच्या नियमांत इंग्रजी आकडे दुबळे धरलेत, आपले मात्र अक्षरांइतकेच भक्कम. मराठी बाणा एवढ्या अधिकृतपणे कुणी मान्य केल्याचं मला तरी आठवत नाही.

पण खरा घोळ आईच्या नावाशी झाला. हिब्रूत ‘अमुक बत तमुक’ असं लिहितात. बत म्हणजे मुलगी. इथल्या नातवंडांसाठी प्रत्येक हिब्रू शब्दापुढे कंसात मराठी उच्चार हवा होता. तो घातला आणि तीन हिब्रू शब्द एकमेकांपासून तुटले. ओळ मराठी वळणाची, त्यामुळे ते डावीकडून उजवीकडे रांगेत उभे राहिले. हिब्रू वाचणारा सुरुवात करणार उजवीकडून. मित्राचा फोन आला. “अरे, आजोबा आईची मुलगी झालेत!”

हसलो दोघंही. मग तो म्हणाला, “हे नाव बरोबर वाचणारे घरात आता पाचजण उरलेत. तसंच छापलं गेलं असतं तर आणखी वीस वर्षांनी तेच खरं झालं असतं.”

उपाय होता. परिच्छेदाचीच दिशा उजवीकडून करायची. पण ते बटण सेटिंगच्या पाताळात जाऊन ‘मला अशी भाषा लागते’ असा जबाब दिल्याशिवाय दिसतच नाही. २०१३ साली युनिकोडने असा परका तुकडा ओळीत वेगळा कोंडून ठेवायच्या अदृश्य खुणाही दिल्या. अदृश्य, म्हणजे त्या कुठे घातल्या हे शोधायला पुन्हा तोच कर्सर.

बेने इस्रायलींची वल्हांडणाची हग्गादा हिब्रू-मराठीत १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाली. शिळाप्रेससाठी हाताने लिहिणाऱ्या त्या लेखनिकाला ओळीच्या हव्या त्या टोकापासून सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

शेवटी मी दोघींना एका ओळीत नांदवायचा नाद सोडला. हिब्रूला स्वतंत्र ओळ, उजव्या समासाला टेकून. खाली तिचा मराठी अर्थ. उच्चारांची वेगळी ओळ, कंसांशिवाय. पाच जाणत्यांपैकी तिघांना आधी वाचून दाखवलं, मगच छपाईला दिलं. पुस्तिका पोचल्यावर मित्राचा निरोप आला, “आजोबा परत आजोबा झाले. पान नऊवर एक मेम गेलंय, पण ते पेनाने घालतोय.”