'त्वरण' संकल्पनेचे अध्यापन : नववीच्या एका पाठाची चिकित्सा

प्रस्तावना :
पदार्थविज्ञानाचा पाया गतिविचारावर उभा आहे. बालभारतीने २०१७ मध्ये प्रकाशित केलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञान विषयाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलाच पाठ 'गतीचे नियम' हा आहे. त्यातील एकसमान वेग व त्वरण यांच्या मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
अमर, अकबर व अँथनी यांच्या प्रवासाच्या कोष्टकावरून एकसमान व नैकसमान गतीतील भेद विद्यार्थ्यास शोधावयास लावणे आणि आलेखावरून समीकरणे सिद्ध करणे, ही या पाठाची जमेची बाजू होय. धन, ऋण व शून्य त्वरणाचीही त्यात नोंद आहे. तथापि, खरी अडचण सूत्राची नसून शब्दाची आहे. 'त्वरण' ही संज्ञा 'त्वरा' या शब्दाशी नाते सांगते आणि व्यवहारात त्वरा म्हणजे घाई. साहजिकच, जी गाडी वेगवान तिचे त्वरण अधिक, असा समज दृढ होतो.

परभणीहून पूर्णेकडे सरळ रुळांवर ताशी ९० कि.मी. या स्थिर वेगाने धावणाऱ्या गाडीचे त्वरण शून्य असते. उलट, स्थानकातून निघून ६० सेकंदांत ताशी ५४ कि.मी. वेग गाठणाऱ्या गाडीचे सरासरी त्वरण ०.२५ मी./से.² भरते. त्वरण वेगाचे नव्हे, तर वेगातील बदलाच्या दराचे माप आहे. वेगास दिशा असल्याने वळणावर चाल कायम राहूनही त्वरण असते.

दुसरा समज बैलगाडीतून येतो. बैल थांबले की गाडी थांबते. म्हणून एकसमान वेगासाठीही निव्वळ बल लागते, असे वाटते. ॲरिस्टॉटलचा विचारही याच दिशेचा होता. वस्तुतः बैलांचे बल घर्षणाशी समतोल साधते. निव्वळ बल शून्य असते. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथानंतर ही दृष्टी बदलू लागली. जो पेच सोडविण्यास विद्वानांना शतके लागली, तो एका व्याख्येने सुटेल ही अपेक्षा अवास्तव आहे.

निष्कर्ष :
ग्रामीण भागातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी अकरावीत विज्ञान शाखेला इंग्रजीतून शिकू लागतो, तेव्हा 'त्वरणा'चे 'ॲक्सलरेशन' होते. शब्द बदलतो, गैरसमज मात्र तसाच राहतो. यास्तव व्याख्येपूर्वी विद्यार्थ्यांचे पूर्वग्रह बोलते करणे व परिसरातील उदाहरणांवर ते तपासणे अगत्याचे आहे. हे उत्तरदायित्व पाठ्यपुस्तकाइतकेच अध्यापकाचेही आहे.