आईचा दिवस : अपंगत्वविषयक मराठी कथने, कुटुंब आणि सर्वसमावेशक शिक्षण

प्रास्ताविक

सोलापुरातील ज्या महाविद्यालयात मी पूर्वी अध्यापन करीत असे, तेथे कला शाखेच्या प्रथम वर्षात एक विद्यार्थिनी होती. दोन्ही पायांनी अधू. तिची आई तिला रिक्षाने घेऊन येई, दोघी मिळून पहिल्या मजल्याचा जिना चढत आणि शेवटचा तास होईपर्यंत आई व्हरांड्यातील बाकावर बसून राही. ही बाई घरी विड्या वळणारी. सोलापुरात हजारो स्त्रियांचा संसार या कामावर चालतो. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या आणि हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी घ्यायची. म्हणजे बाकावरचा प्रत्येक तास हा न वळलेल्या विड्यांचा तास होता. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात सदर विद्यार्थिनीचा उल्लेख ‘सर्वसमावेशक शिक्षण’ या शीर्षकाखाली झाला. तो मजकूर मीच लिहिला होता. त्यात आईचा उल्लेख नव्हता.

प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या उल्लेखाविषयी आहे. अपंग व्यक्तीच्या शिक्षणाची चर्चा आपल्याकडे मूल, शिक्षक आणि शाळा या तिघांत आटोपते. कुटुंब येते ते ‘पालकांचे सहकार्य’ या एका मुद्द्यापुरते. मराठी चित्रपट, मराठी आत्मकथन आणि कायद्याची संहिता या तिन्ही ठिकाणी कुटुंबाला कोणती जागा दिली गेली आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. माझे म्हणणे असे, की मुलाला प्रवेश देताना त्याच्याबरोबर आईचा अख्खा दिवसही ठेवून घेणारी शाळा समावेशक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

‘श्वास’ : परतीच्या नावेपर्यंत

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. मराठी चित्रपटाला हा सन्मान ‘श्यामची आई’नंतर (१९५४) प्रथमच मिळत होता. हे दोन्ही घराचे चित्रपट आहेत. फरक असा, की ‘श्यामची आई’ने आपल्या मनात घराची जी मूर्ती घडविली तिला मदतीची गरज भासत नाही, ती देतच राहते. ‘श्वास’मधील आजोबा मात्र गोंधळलेले आहेत. कोकणातून पुण्याच्या रुग्णालयात आलेला हा वृद्ध माणूस नातवाच्या डोळ्यांच्या कर्करोगाचे निदान ऐकतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे त्याला उमगत नाही आणि उमगल्यावर सोसवत नाही. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते तेव्हा तो कोणाला न सांगता परशूला बाहेर घेऊन जातो. मुलाला जग एकदा डोळे भरून पाहून घेऊ द्यावे एवढाच त्याचा हेतू असतो. रुग्णालयाच्या शिस्तीला हे मानवत नाही. डॉक्टर संतापतात. प्रेक्षक आजोबांच्या बाजूने असतो.

या चित्रपटावर विपुल लिहिले गेले. त्यातील वैद्यकीय समाजसेविका आसावरी हिच्याकडे मात्र, माझ्या मते, पुरेसे लक्ष गेलेले नाही. पटकथेत ती दुय्यम पात्र आहे, पण तिचे काम पाहावे. डॉक्टरांची भाषा आजोबांपर्यंत आणि आजोबांचे मौन डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे हे तिचे नेमून दिलेले काम आहे. कुटुंबाला आधार देणे ही भलेपणाची गोष्ट असण्याआधी कोणाच्या तरी नोकरीचा भाग असावी लागते, ही गोष्ट मराठी पडद्यावर इतक्या साधेपणाने क्वचितच आली असेल.

अखेरीस नाव खाडीतून गावाकडे येते. डोळ्यांवर काळा चष्मा घातलेला परशू परतला आहे. घरची माणसे काठावर आहेत. चित्रपट येथे थांबतो, आणि कलाकृती म्हणून त्याने येथेच थांबावे हे योग्यच. पण नावेतून उतरल्यावर काय? आसावरी पुण्यात राहिली. गावच्या शाळेतील गुरुजींशी बोलायला कोणी नाही. ब्रेल कोण शिकविणार, शाळेच्या वाटेवर त्याला कोण नेणार, आणि नेणारी व्यक्ती त्या दिवशीच्या कामाला कधी लागणार? रुग्णालयात जे पद आहे ते शाळेत नाही. डोळे पुसून चित्रपटगृहाबाहेर पडलेल्या आपणा प्राध्यापकांपैकी किती जणांना हा प्रश्न पडला, याची मला शंका आहे. मला पडला नव्हता.

संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’मध्ये (१९९१) मूल मोठे झाले आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू देहाने प्रौढ, बुद्धीने बालक. सुलभा देशपांडे यांनी साकारलेली त्याची आई थकत चाललेली. येथे शाळेचे वय उलटून गेले आहे आणि उरला आहे तो प्रत्येक अशा घरातला न बोललेला प्रश्न : माझ्यामागे याचे काय? महेश लिमये यांचा ‘यलो’ (२०१४) डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या जलतरणातील यशापर्यंत पोहोचतो; त्यातली आई झुंजार आहे, म्हणून यश येते. झुंजार नसलेल्या, दमलेल्या, पाच जणांचा स्वयंपाक उरकायचा असलेल्या आईचे मूल कोठे जाते, हे कथन आपल्याकडे अद्याप आलेले नाही.

चाकाची खुर्ची आणि घराचा उंबरठा

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या संदर्भात वेगळे ठरते. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, सोळाव्या वर्षी, कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या मुलीची ही कहाणी आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असूनही उद्योग सांभाळणारे बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने तिला दिशा मिळते. पुढे नोकरी, आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था. या आत्मकथनाचा रोख घराकडून संस्थेकडे सरकत जातो. कौतुकाने वाचणारा वाचक हे सरकणे ‘व्यक्तीकडून समाजाकडे’ असे वाचतो. मला त्यात एक अडचणही दिसते. वसतिगृह घराचा भार हलका करते, हे खरे. पण तो मूल दूर नेऊन हलका करते. सोलापूरच्या आईने आपले लेकरू कोल्हापूरला ठेवले तर तिला तिचा दिवस परत मिळतो आणि संध्याकाळ हरवते.

या अडचणीचे उत्तर संस्थेच्याच कामात सापडते, हे विशेष. उचगाव येथील तिच्या समर्थ विद्यामंदिरात अपंग आणि अन्य मुले एकत्र शिकतात. इमारत आधी चाकाच्या खुर्चीसाठी बांधली आणि मग परिसरातील चालती-धावती मुले तीत आली. समावेशन म्हणजे ‘आपल्या’ शाळेत ‘त्यांना’ घेणे, ही समजूत येथे उलटी झालेली दिसते. पुढे याच संस्थेत काही वर्षे काम केलेल्या सोनाली नवांगुळ यांनी कोल्हापुरात स्वतंत्र घर मांडून लेखन केले, आणि तमीळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार लाभला. घर सुटे होणे आणि व्यक्ती सुटी होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, याचे हे उदाहरण.

कायद्याच्या वाक्यातील सोबती

साहित्याच्या अभ्यासकाने कायदाही संहिता म्हणून वाचावा असे मला वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) हा १९९५ च्या कायद्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे. त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा अंतर्भाव आहे. सर्वसमावेशक शिक्षण म्हणजे अपंग आणि अन्य विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे आणि अध्यापनपद्धतीने त्यांच्या गरजेनुसार बदलणे, अशी त्याची व्याख्या आहे. उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच टक्के जागा राखाव्यात असेही बंधन आहे. आपल्या प्रवेश समित्यांना ते ठाऊक आहे.

याच कायद्यात ‘काळजीवाहक’ या संज्ञेत आईवडील व कुटुंबीय येतात, मग ते मोबदला घेऊन काळजी घेत असोत वा मोबदल्याविना. या ‘मोबदल्याविना’पाशी थांबावे. कायद्याने बाकावरच्या आईला पाहिले आहे. कलम १६ मध्ये वाहतुकीची सोय करताना अधिक आधाराची गरज असलेल्या मुलांच्या सोबत्यालाही वाहनात जागा द्यावी असे म्हटले आहे. वाहन शाळेच्या फाटकाशी येते. सोबती खाली उतरतो. तेथून शाळा सुटेपर्यंत त्याने काय करायचे, याविषयी कलम अबोल आहे. काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे, पण ती सामाजिक सुरक्षेच्या प्रकरणात, शिक्षणाच्या नव्हे. दोन्ही प्रकरणे जोडणारे वाक्य संहितेत मला आढळले नाही. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. तो काही मुलांसाठी आवश्यकच आहे. तथापि ‘घरी’ या शब्दात दिवसभर घरी कोणीतरी असणे गृहीत धरलेले असते, आणि ते कोण हे सांगावे लागत नाही.

नंदूच्या आईच्या प्रश्नाला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने काही उत्तर दिले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (हा त्या कायद्यातील शब्द) आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमण्याचे काम जिल्हास्तरीय समितीकडे असून तीत जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असतो. शाळेत आलेल्या पालकांना ही समिती असते एवढे जरी शिक्षकाने सांगितले, तरी त्याने आसावरीचे काम केले असे मी म्हणेन.

सोलापूरपुरता आणखी एक गुंता आहे. पूर्व भागातील अनेक पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, शाळा मराठी असते. अशा घरात कर्णबधिर मूल असेल तर ओठ वाचायचे कोणत्या भाषेचे? मराठीत शिकलेले मूल आजीचे ओठ वाचू शकत नाही. येथे मुलाबरोबर घरालाही खुणांची भाषा शिकविली नाही, तर शाळेत झालेली प्रगती उंबऱ्याबाहेरच राहते.

त्या विद्यार्थिनीचा वर्ग दुसऱ्या वर्षी तळमजल्यावर आला. वेळापत्रकात दोन खोल्यांची अदलाबदल, एवढेच करावे लागले. सूचना प्राध्यापकांकडून आली नव्हती. जिना रोज पाहणाऱ्या शिपायाने ती केली होती. त्यानंतर आई तिला सकाळी फाटकाशी सोडी आणि दुपारी न्यायला येई. मधल्या वेळात किती विड्या होतात, हे मी त्यांना विचारले नाही.