इनॉग्युरेट : एका क्रियापदातले पक्षी

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्या बातमीसाठी इंग्रजी वृत्तपत्रांनी आपले ठेवणीतले क्रियापद बाहेर काढले : इनॉग्युरेट. बोलण्यात ते सहसा येत नाही. विमानतळाजवळच्या खांदेश्वर स्थानकाबाहेर नवा दवाखाना सुरू झाला तर तो नुसता सुरू होतो. इनॉग्युरेट होतो तो कोनशिलेवर आणि बातमीत. पण या एका बातमीत ते इतके चपखल बसले आहे की, आपण क्षणभर तिथे थांबायला हवे.

प्राचीन रोममध्ये ऑगर नावाचे पुरोहित असत. हातातल्या वक्र काठीने ऑगर आकाशाचा एक भाग आखून घेई आणि त्या आखलेल्या अवकाशात कोणता पक्षी कोणत्या दिशेने येतो, कसा ओरडतो, हे निरखून देवांची संमती आहे की नाही ते सांगे. रोमच्या स्थापनेच्या वेळी रेमसला सहा गिधाडे दिसली आणि रोम्युलसला बारा, ही कथा प्रसिद्धच आहे. या पक्षिदर्शनाने एखादे कार्य पवित्र करून घेणे म्हणजे इनॉग्युरेट करणे. आपल्याला हे परके वाटण्याचे कारणच नाही, कारण संस्कृतात शकुन म्हणजे मुळात पक्षीच. त्याच कुळातल्या शकुंत पक्ष्यांनी सांभाळलेली म्हणून ती शकुंतला, आणि ज्ञानदेवांच्या विरहिणीला प्रियाच्या येण्याची चाहूल देतो तोही पक्षीच, कावळा. लॅटिन आणि संस्कृत या दोन दूरच्या भाषांनी भविष्य वाचण्यासाठी एकाच आकाशाकडे पाहिले, हे मला फार सुंदर वाटते.

आता तेच क्रियापद विमानतळाच्या बातमीत पुन्हा वाचा. जिथून उड्डाणे व्हायची, त्या जागेचा आरंभ सांगायला उड्डाण वाचणाऱ्यांचाच शब्द आला! क्रम मात्र पालटला. रोममध्ये आधी पंखांची साक्ष आणि मग सोहळा. इथे सोहळा ऑक्टोबरात झाला आणि प्रवासी विमाने उडू लागली ती २५ डिसेंबरला. शिवाय रोमला पक्षी हवे असत, इथे ते नको असतात. धावपट्टीच्या आसपास पक्षी फिरकू नयेत यासाठी प्रत्येक विमानतळाला डोळ्यांत तेल घालून राहावे लागते, आणि इथे पनवेलच्या खाडीकाठी तर बगळ्यांचे नित्याचे येणेजाणे. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात यातले काहीही नसेल. शब्दाच्या पोटात मात्र ते सारे आहे.

याच क्रियापदाच्या मागे महाराष्ट्रातल्या इंग्रजी बातमीदारीने जोडलेली एक शेपटी मला विशेष प्रिय आहे : ‘ॲट द हँड्स ऑफ’. इंग्लंडातल्या वाचकाला या शब्दांच्या आधी पराभव, छळ किंवा मृत्यू अपेक्षित असतो. आपल्याकडे तिथे सभागृह असते, वाचनालय असते, पूल असतो. हे आपल्या ‘हस्ते’चे देणे. ‘हस्ते’ ही संस्कृतातली सप्तमी, ‘हातात’ अशा अर्थाची. मराठीने तिला तृतीयेचे काम दिले, देणगीच्या पावतीवर बसवले, निमंत्रणपत्रिकेत मानाची जागा दिली, आणि तिथून ती थेट इंग्रजी वाक्यात गेली. या प्रयोगाला कुणी चूक म्हणो. त्यात मला मराठी माणसाचा आदर ऐकू येतो. काम कुणी केले यापेक्षा कोणत्या हातांनी त्याला स्पर्श केला, हे सांगण्याची ती रीत आहे.

आणि उद्‌घाटनाच्या पत्रकातली पुढची ओळ? इंग्रजीत ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’, मराठीत ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’. ‘विद्यमाने’ ही पुन्हा सप्तमी. आणि लॅटिनमधल्या ‘ऑस्पिसियम’चा मूळ अर्थ पक्षी पाहणे. म्हणजे पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या एखाद्या मंडळाने रक्तदान शिबिराच्या उद्‌घाटनाचे पत्रक दोन्ही भाषांत काढले, तर त्यात दोन लॅटिन पक्षी आणि दोन संस्कृत सप्तम्या शेजारी शेजारी सापडतील.