मांडवीची चिमूट

रत्नागिरीत समुद्र दोन. एक पांढरा, एक काळा. पाहुण्यांचे पाय आपसूक पांढऱ्याकडे वळतात. मांडवीची काळी पुळण पाहून “इथे तेल सांडलंय का हो?” असं विचारणाराही मला भेटला आहे. मी त्याच्या तळहातावर ओली चिमूट ठेवली.

आधी वजन जाणवतं. पांढरी वाळू मुख्यतः क्वार्ट्झची असेल, तर ती पाण्याच्या 2.65 पट जड. ही काळी इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाची, सुमारे 4.7 पट. भिंगाखाली काळे चकचकीत कण, मधूनच शिंपल्याचा चपटा कपचा. त्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. लोहचुंबक फिरवला तर वाळूतलं मॅग्नेटाइट लगेच बिलगतं. इल्मेनाइट मात्र आढेवेढे घेतं.

0.0625 ते 2 मिलिमीटर, एवढ्या मापात बसला की कण ‘वाळू’ ठरतो. पण खरी गंमत मापात नाही, जोडीत आहे. बारीक पण जड कण आणि मोठा पण हलका कण पाण्यात सारख्याच वेगाने खाली बसतात, म्हणून लाट त्यांना शेजारीशेजारी टाकते. परतताना मात्र ती वर डोकावणाऱ्या हलक्यांना ओढून नेते. बारीक जड कण फटींत दडून राहतात. बाईने सुपात पाखडावं तसं. पावसाळ्यातल्या उधाणात हे पाखडणं जोरात चालतं आणि काळा थर दाट होतो. पुढे शांत दिवसांत हलकी वाळू परतून त्याला झाकते.

या काळ्या कणांचं मूळ घर सह्याद्रीचा काळा कातळ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाने तो कुजतो, त्यातलं फेल्डस्पार चिकणमाती होतं. इल्मेनाइट तग धरतं आणि नद्यांबरोबर खाली येतं. काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड, सगळीकडे तेच. मालवणकडे हा कातळ सरतो, त्याहून जुने क्वार्ट्झचे खडक लागतात आणि पुळण उजळते. देखणी आहे ती, पण माझ्या चवीला एकसुरी. (मालवणकरांनी रागावू नये.)

आणि आपण घराच्या भिंतींना लावतो त्या रंगातला पांढरेपणा बहुतेक टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. तो या काळ्या इल्मेनाइटपासूनही काढतात.