जागतिक जाहिरातखर्च आणि वऱ्हाडातील वृत्तपत्रे : एक चिकित्सा

जाहिरातखर्चाच्या जागतिक आकडेवारीकडे वाणिज्य शाखेचे अभ्यासक बहुधा वाढीचा आलेख म्हणून पाहतात. ग्रुपएम या संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातील जाहिरात-महसुलाने एक लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. त्यापूर्वीच, 2017 च्या सुमारास, इंटरनेटने दूरचित्रवाणीला मागे टाकले होते. मुद्रित माध्यमाचा वाटा मात्र घटत गेला. भारतात तो पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बराच टिकून राहिला, एवढेच.

या मांडणीतील 'वाटा' हा शब्द प्रस्तुत लेखकास फसवा वाटतो. परतवाड्यातील एखादा कापड व्यापारी आज मोबाईलवरील जाहिरातीसाठी जे पैसे देतो, ते सर्वच वृत्तपत्राकडून काढून घेतलेले नसतात. पूर्वी तो कदाचित जाहिरात करतच नसे. शिवाय चौकातील फ्लेक्स, ध्वनिक्षेपक लावलेली ऑटोरिक्षा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक यांवरील खर्च अशा तक्त्यांत क्वचितच उतरतो. अचलपुरात डोळ्यांना दिसणारी जाहिरात आणि अहवालातील जाहिरात या जणू दोन वेगळ्या वस्तू आहेत.

तथापि खरा प्रश्न पैसा कोठे जातो हा आहे. अमरावतीचे 'हिंदुस्थान' किंवा अकोल्याचे 'देशोन्नती' यांसारख्या दैनिकांत छापलेल्या जाहिरातीतून वार्ताहराचे मानधन निघते आणि त्यामुळे नगर परिषदेच्या सभेचा वृत्तान्त वाचकापर्यंत पोहोचतो. शोधयंत्राला दिलेल्या रकमेतून असा वृत्तान्त निर्माण होत नाही. परदेशी कंपन्यांकडे जाणाऱ्या या रकमेवर भारताने 2016 मध्ये सहा टक्के 'इक्वलायझेशन लेव्ही' बसविली. 1 एप्रिल 2025 पासून तीही रद्द झाली. ती वसूल होत असतानाही तिचा कोणताही हिस्सा जिल्हा वृत्तपत्रांसाठी राखलेला नव्हता, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

उरतो तो कायद्याचा आधार. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांपैकी एकात प्रादेशिक भाषेत, प्रसिद्ध करावी लागते. बँकांच्या ताबा-नोटिसांबाबतही असाच नियम आहे. व्यापारी जाहिरात आटली की पानावर या नोटिसा आणि शासकीय जाहिराती तेवढ्या राहतात. ज्या कार्यालयाच्या कारभाराची बातमी द्यावयाची, त्याच्याच देयकाची वाट संपादकास पाहावी लागते. माध्यमनिहाय टक्केवारीच्या तक्त्यात या परावलंबनासाठी रकाना नाही.