कुलूप कपाटाला की नोंदीला?

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' दिवाळीच्या फराळाबरोबर वाचा, असे मी कुणाला सांगणार नाही. तिच्यात कथा नाही, रहस्य नाही, नायिका तर नाहीच नाही. 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांच्या नोंदींचा पहिला भाग 1943 मध्ये निघाला, आणि 1950 पर्यंतचा दुसरा 1961 मध्ये. तरीही आपल्या मोठ्या पुस्तकांत मी तिची गणना करतो. दात्यांनी ग्रंथांची नोंद केली. कोणती नोंद कोणाला दिसावी, हा निवाडा ते करीत बसले नाहीत. छापील सूची प्राध्यापकाला दिसते तशीच गिरणीतल्या कामगारालाही दिसते.

आता सूची संगणकात गेली आहे आणि तिला पायऱ्या पाडता येतात. ग्रंथपालाला सर्व नोंदी, शिक्षकाला पुष्कळ, विद्यार्थ्याला थोड्या. पूर्वी कुलूप कपाटाला असे, आता ते नोंदीलाच घालता येते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमने हे संगणकावाचूनही साधले होते. तेथील 'प्रायव्हेट केस'मधली अश्लील ठरवलेली पुस्तके 1960 नंतरच्या दशकापर्यंत सर्वसाधारण सूचीत नव्हतीच.

पण लंडनला नावे कशाला ठेवू? हा उद्योग मी स्वतः लालबागच्या एका शाळेत केला आहे. वाचनालय माझ्याकडे होते. र. धों. कर्वे यांच्या लेखनाचा एक संग्रह मी 'फक्त शिक्षकांसाठी' या खुणेखाली टाकला. गिरगावच्या समाजसुधारकांवर निबंध लिहिणाऱ्या नववीतल्या एका मुलीने यंत्रात कर्व्यांचे नाव घातले. यंत्राने 'नोंद नाही' म्हणून सांगितले. मुलगी माझ्याकडे आली. "सर, कर्व्यांनी काही लिहिलेच नाही का?"

विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडलेला, 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारा हा माणूस! खटले त्याच्यावरही झाले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे वकील म्हणून उभे राहिले. कोर्टाला जे जमले नाही, ते मी एका खुणेने केले. कर्वे लेखकच उरले नाहीत.

कोर्टात निदान वकील असतो, अपील असते. 1962 च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' अश्लील म्हणून खटल्यात सापडली. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. मधल्या सात वर्षांत एखाद्या ग्रंथपालाने तिची नोंदच लपवली असती, तर ती पुन्हा उघड करण्याची आठवण त्याला कोणी दिली असती? जे आहे हेच ठाऊक नाही, त्यासाठी कोण भांडणार?

सर्वच नोंदी चव्हाट्यावर मांडाव्यात, असे मात्र माझे म्हणणे नाही. कुणी आपल्या घरची खासगी पत्रे संग्रहाला दिली, तर हयात माणसांची नावे झाकलीच पाहिजेत. पण तेवढेच झाकावे. पत्रे आहेत, अमुक वर्षापर्यंत पाहता येणार नाहीत, एवढे तरी सूचीत असावे. छापून बाजारात विकलेल्या पुस्तकाला असला पडदा कशाला? पुस्तक लहानांच्या हाती नको असेल, तर कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली कोणाकडे आहे ते सांगा.

कर्व्यांच्या त्या नोंदीपुढे मी आता 'शिक्षकांना विचारून मिळेल' असे लिहिले आहे. दिवाळीच्या सुटीआधी तिघे विचारायला आले. त्या मुलीला मी पुस्तक दिले. दुसऱ्या दोघांना, सहावीतली पोरे ती, "अजून थोडी वर्षे थांबा" म्हटले. दोघेही रुसून गेले. पण पुस्तक शाळेत आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि 'नाही' कोण म्हणाले, हेही.